श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड व शाळेतील मुलांची शरीरपरीक्षा

शिरपूरहून आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे निघाले म्हणजे तापी ओलांडून धुळे लागते, आणि धुळ्याच्या पुढे त्याच रस्त्यावर मालेगाव येते. मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक खेडे आहे. नाशिक जिल्हा १८६९ साली निराळा होण्यापूर्वी हा मुलूख खानदेशातच मोडत असे, आणि तिकडील लोकांच्या तोंडी आजही आपल्यासारखीच अहिराणी आहे. त्या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी जो मुलगा जन्मला तोच पुढे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड म्हणून सर्व हिंदुस्थानात नावाजला गेला.

महाराजांची ग्रंथालये, त्यांचे राजवाडे, त्यांनी विद्वानांस दिलेला आश्रय यांविषयी आमच्या वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल. परंतु त्यांच्या राज्यात एक लहानसे दिसणारे काम झाले, त्याची आठवण फारसे कोणी काढीत नाही. १९०९ साली बडोदे शहरातील शाळांतून मुलांची वैद्यकीय तपासणी करण्यात आली. आपल्या देशात शाळेतील मुलांच्या शरीराची अशी तपासणी होण्याची ती पहिलीच वेळ म्हणून समजली जाते. आज शाळेच्या आवारात डॉक्टरांची गाडी येऊन उभी राहते आणि मुलांची रांग लागते, त्या प्रथेचा आरंभ आपल्याकडे तेथे झाला. म्हणून या थोर पुरुषाचे चरित्र आज त्या एका कामाच्या अनुरोधाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालपण व दत्तविधान

मुलाचे मूळचे नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड हे बडोद्याच्या राजघराण्याच्या एका दूरच्या शाखेतील असले, तरी त्यांची राहणी साध्या शेतकऱ्याची होती. गोपाळराव बारा वर्षांचा होईपर्यंत त्यास लिहिणे-वाचणे येत नव्हते. शेत, गुरे आणि गावची धूळ हीच त्याची पाठशाळा होती. त्या काळच्या खेड्यांतील बहुतेक मुलांची गोष्ट अशीच होती, आणि त्यांतील बहुतेकांची ती तशीच संपली.

इकडे बडोद्यास मल्हारराव महाराजांचा कारभार बिघडला, आणि १८७५ च्या एप्रिल महिन्यात इंग्रज सरकारने त्यांस पदच्युत केले. पूर्वीचे राजे खंडेराव यांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून काही मुले त्यांच्यापुढे आणण्यात आली. येथे कशासाठी आलात असे विचारले असता इतर मुले गोंधळली, परंतु गोपाळरावाने आपण राज्य करण्यास आलो आहोत असे निर्भयपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. २७ मे १८७५ रोजी त्याचे दत्तविधान होऊन त्यास सयाजीराव हे नाव मिळाले.

विद्याभ्यास

बारा वर्षांच्या निरक्षर मुलास राजा करावयाचा, हे काम सोपे नव्हते. एलियट नावाच्या इंग्रज गृहस्थांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहू लागले. मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, आणि त्यांच्या जोडीस घोड्यावर बसणे, कुस्ती व कसरत असा तो अभ्यासक्रम होता. मुलगा उशिरा अक्षरांस लागला, परंतु त्याने मागे राहावयाचे नाही असा जणू निश्चयच केला. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले.

आपण स्वतः बारा वर्षे अक्षरांवाचून काढली ही गोष्ट महाराजांनी पुढे कधी विस्मरणात टाकली नाही, असे त्यांच्या कारभारावरून दिसते. राज्य हाती येताच थोड्याच काळात त्यांनी अस्पृश्य गणलेल्या जातींच्या मुलांसाठी सरकारी खर्चाने शाळा उघडल्या. तेथे शिकविण्यास उच्च जातीचे शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमून त्या चालविल्या. आपल्या नवापुराच्या पलीकडे सोनगड आहे, ते त्या वेळी बडोदे राज्यात होते. तेथील रानांत राहणाऱ्या धाणका लोकांच्या मुलांसाठीही त्यांनी वसतिगृहासह शाळा काढली. सातपुड्यातील भिल्ल व पावरा बंधूंस ही हकीकत विशेष जवळची वाटेल.

घरातील दुःख व स्वतःचे दुखणे

राजवाड्याच्या भिंती कितीही उंच असल्या तरी रोग त्यांवरून आत येतो. १८८० साली महाराजांचा विवाह तंजावरच्या राजघराण्यातील लक्ष्मीबाई यांच्याशी झाला, आणि त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. त्या १८८५ साली क्षयरोगाने वारल्या. त्यांच्या दोन मुली लहानपणीच गेल्या होत्या. बडोद्याचा मोठा राजवाडा आजही त्यांचेच नाव धारण करून उभा आहे. पुढे महाराजांचा दुसरा विवाह झाला, व त्या महाराणीही चिमणाबाई या नावानेच प्रसिद्ध झाल्या. परंतु दुःखाची साथ सुटली नाही. थोरले पुत्र फत्तेसिंहराव १९०८ साली, शिवाजीराव १९१९ साली आणि जयसिंहराव १९२३ साली वारले. बापाने तीन तरुण मुलांस आपल्यापूर्वी निरोप दिला.

महाराजांची स्वतःची प्रकृतीही चांगली नव्हती. रात्री झोप येत नसे, मेंदूस थकवा येई, पुढे सांधेही दुखू लागले. १८८७ साली, समुद्रपर्यटनास धर्माची बंदी आहे असे लोक म्हणत असताना, ते प्रकृतीसाठी युरोपास गेले, व नंतरही अनेक वेळा गेले. तेथील डॉक्टरांनी त्यांस तपासून विश्रांती, आहार व हवापालट यांविषयी सल्ला दिला. वाचकहो, येथे एक विचार मनात येतो. राजास आपल्या शरीरात काय बिघडले हे समजून घेण्यासाठी समुद्र ओलांडून जाता येत होते. पण कवळाण्यात राहिलेल्या त्याच्या सोबत्याचे पोट फुगले, डोळे गेले किंवा छाती भरली, तर त्यास तपासणार कोण?

सक्तीचे शिक्षण

महाराजांनी १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तो टिकला, तेव्हा १९०६ साली कायदा करून सर्व राज्यास तो लागू केला. मुलगे सात ते बारा वर्षांचे व मुली सात ते दहा वर्षांच्या, यांस शाळेत पाठविणे आईबापांवर बंधनकारक झाले, आणि न पाठविणाऱ्यांस दंड होऊ लागला. इंग्रजी मुलखात असा कायदा व्हावा म्हणून नामदार गोखले यांनी १९११ साली मोठ्या कायदेकौन्सिलात विधेयक आणले, तेव्हा बडोद्याच्या उदाहरणाचा त्यांस मोठा आधार होता. त्यांचे ते विधेयक नामंजूर झाले.

सक्ती हा शब्द कठोर आहे. गुरे राखणारे पोर राज्याच्या हुकुमाने शाळेत आणून बसविले म्हणजे त्या पोराची जबाबदारीही काही अंशी राज्यावर येते. ते पोर उपाशी आहे की कसे, त्यास फळ्यावरील अक्षर दिसते की नाही, गुरुजींचा शब्द ऐकू येतो की नाही, हे पाहिल्यावाचून त्याच्यापुढे पुस्तक ठेवणे म्हणजे खडकावर बी पेरणे होय. ज्यास दिसत नाही तो मुलगा मंद ठरतो, ज्यास ऐकू येत नाही तो उद्धट ठरतो, ज्याच्या अंगात रक्त नाही तो आळशी ठरतो. शाळेत अशा मुलांनी किती छड्या खाल्ल्या असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशासही ही गोष्ट उशिराच कळली. तेथे शिक्षण सक्तीचे होऊन पुष्कळ वर्षे लोटल्यावर १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी युद्ध झाले. त्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेल्या तरुणांची शरीरे तपासता पुष्कळ जण अपात्र निघाले, आणि राष्ट्र हादरले. १९०४ साली एका सरकारी समितीने या प्रश्नाचा विचार केला, आणि १९०७ च्या कायद्याने शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी करणे स्थानिक अधिकाऱ्यांवर बंधनकारक झाले. लढाईसाठी माणसे कमी पडली तेव्हा मुलांच्या शरीराकडे लक्ष गेले, हे त्या देशासही फारसे भूषणावह नव्हते.

बडोद्यास सक्तीचा कायदा १९०६ सालचा, आणि तीनच वर्षांनी, १९०९ साली, शहरातील मुलांची तपासणी झाली. महाराजांचा स्वभाव पाहिला तर यात नवल नाही. ते परदेशी जात तेव्हा तेथील शाळा, इस्पितळे, ग्रंथालये हिंडून पाहत, व घरी आल्यावर जे उपयोगी वाटे ते करून पाहत. १९०६ साली ते अमेरिकेसही जाऊन आले होते. शहराच्या पाण्यासाठी आजवा येथे बांधविलेला मोठा तलाव १८९२ साली पुरा झाला होता. आखाड्यांस व मल्लविद्येस त्यांचा आश्रय होता. पाणी, व्यायाम, शाळा व दवाखाना ही त्यांच्या कारभारात एकाच हाराची फुले होती.

शरीरपरीक्षा म्हणजे काय

परीक्षा हा शब्द ऐकताच आपल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. कोणी पास होतो, कोणी नापास होतो, आणि नापास झालेल्याचे शिक्षण पुष्कळदा तेथेच थांबते. शरीरपरीक्षेची रीत उलट आहे. येथे कोणी नापास होत नाही. ज्याच्यात उणे निघाले त्यास घालवून देण्यासाठी ही परीक्षा नव्हे, तर त्याच्याकडे अधिक लक्ष देण्यासाठी आहे. ही गोष्ट आईबापांच्या मनात ठसली तर अर्धे काम झाले.

आपल्या प्राचीन वैद्यांनी रोग्याची परीक्षा तीन प्रकारे करावी असे सांगून ठेवले आहे, ती म्हणजे पाहून, स्पर्श करून व प्रश्न विचारून. आजचा डॉक्टर यंत्रे कितीही बाळगो, त्याचा आरंभ याच तिन्हींपासून होतो. त्यांत पुढे दोन मोलाच्या गोष्टींची भर पडली. व्हिएन्ना शहरातील औएनब्रुगर नावाच्या डॉक्टराने १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतील स्थिती आवाजावरून ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याचा बाप खाणावळवाला होता, आणि पिंपावर टिचकी मारून त्यात माल किती आहे हे ओळखण्याची युक्ती मुलाने तेथेच पाहिली असावी असे सांगतात. दुसरी भर १८१६ सालची. पॅरिस येथील लाएनेक या डॉक्टरापुढे हृदयाच्या विकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीस कान लावणे त्यास प्रशस्त वाटले नाही, म्हणून त्याने कागदाची गुंडाळी करून एक टोक तिच्या छातीस व दुसरे आपल्या कानास लावले, आणि हृदयाचा आवाज पूर्वीपेक्षाही स्पष्ट ऐकू आला. डॉक्टराच्या गळ्यात आज जी नळी दिसते तिचा जन्म असा एका स्त्रीची मर्यादा राखण्यातून झाला, हे ज्या आईबापांस मुलींची तपासणी संकोचाची वाटते त्यांनी ध्यानात घ्यावे.

शाळेतील तपासणीत प्रथम मुलाची उंची व वजन घेतात. एका दिवसाच्या वजनावरून थोडे कळते, परंतु दरवर्षी लिहून ठेवलेल्या वजनावरून मूल वाढते की खुंटले हे स्वच्छ कळते. नंतर खालची पापणी ओढून तिचा रंग पाहतात. ती पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी आहे असे समजावे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगून एकेका डोळ्याने वाचावयास लावतात, आणि अक्षर न येणाऱ्या लहान मुलांसाठी चिन्हांचा तक्ता असतो. संध्याकाळी अडखळणारे मूल रातांधळे तर नाही ना, पापण्यांच्या आत खुपऱ्या तर नाहीत ना, हे पाहतात. कान वाहतो काय, दात किडले काय, घशाच्या गाठी सुजल्या काय, कातडीवर खरूज किंवा बधिर चट्टा आहे काय, हेही पाहतात. बधिर चट्टा असेल तर तो महारोगाचा आरंभ असू शकतो, आणि आरंभी औषध मिळाल्यास तो पूर्ण बरा होऊन हातापायांस व्यंग येत नाही. मग मुलास आडवे निजवून डाव्या बरगड्यांखाली हात फिरवितात. तेथे प्लीहा, म्हणजे जिला आपल्याकडे पानथरी म्हणतात ती, वाढलेली हातास लागली तर हिवताप किंवा रक्ताचा काही विकार असावा अशी शंका घेतात. शेवटी नळी लावून हृदय व फुप्फुसे ऐकतात. या सर्वास एका मुलामागे काही मिनिटे लागतात, आणि बहुतेक गोष्टींस डोळे, हात व कान यांपलीकडे विशेष साधन लागत नाही.

यात एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. रोग सापडला व वहीत लिहिला, एवढ्याने मूल बरे होत नाही. चष्मा पाहिजे असे लिहिले पण चष्मा मिळाला नाही, तर त्या लिहिण्याचा उपयोग काय? तपासणीच्या मागे औषध, आणि औषधाच्या मागे पुन्हा एकदा पाहणे, असा क्रम असेल तरच ती खरी तपासणी होय.

स्पर्शाचा अडसर

शरीरपरीक्षा स्पर्शावाचून होत नाही. नाडी दुरून लागत नाही आणि पानथरी नुसत्या नजरेस दिसत नाही. ज्या समाजात माणसाचा स्पर्शच विटाळ मानला गेला, तेथे या साध्या गोष्टीने किती जीव घेतले असतील!

महाराजांनी अस्पृश्यांच्या मुलांस शाळा दिल्या, वसतिगृहे दिली, आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणास अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. परंतु १९१७ साली तोच विद्वान बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तेव्हा शहरात त्यास राहावयास जागा मिळेना, आणि कचेरीतील शिपाई त्याच्या मेजावर दुरून कागद टाकीत. राजाचा हुकूम लोकांच्या मनापर्यंत पोहोचला नव्हता. हा महाराजांच्या कीर्तीस कमीपणा नव्हे, परंतु चरित्र खरे सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे.

काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत १९२९ साली गांधीजींच्या साप्ताहिकात छापली गेली, व ती पुढे डॉ. आंबेडकरांनीही आपल्या लिखाणात नमूद करून ठेवली आहे. त्या शिक्षकाची पत्नी बाळंत झाली व दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येण्यास तयार होईना. शेवटी गावातील वजनदार माणसांच्या भिडेने तो आला, परंतु बाळंतिणीस वस्तीबाहेर आणावे, ही त्याची अट होती. दोन दिवसांची ओली बाळंतीण मूल घेऊन बाहेर आली. ताप मोजण्याची नळी डॉक्टराने एका मुसलमानाच्या हाती दिली, त्याने ती नवऱ्यास दिली, नवऱ्याने बायकोस लावली, आणि त्याच वाटेने ती परत गेली. दिव्याच्या उजेडात नळी पाहून डॉक्टराने फुप्फुसदाह झाल्याचे सांगितले. छातीस नळी लावली नाही, नाडी पाहिली नाही. पुढे तो पुन्हा आला नाही, आणि ती बाई मरण पावली.

ही हकीकत वाचून आमच्या पुष्कळ वाचकांस आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आठवतील. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, व १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरविला. शाळेच्या रांगेत सर्व जातींची मुले एकामागून एक उभी राहतात आणि डॉक्टर प्रत्येकाच्या पोटावर तोच हात ठेवतो, तेव्हा औषधाच्या पूर्वी तो हातच एक उपचार करून जातो.

महाराजांची अखेर

सयाजीराव महाराजांनी त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ गादी सांभाळली. उतारवयात प्रकृतीसाठी त्यांचा पुष्कळ काळ परदेशात जात असे. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. १९४९ साली बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाचे विश्वविद्यालय बडोद्यास सुरू झाले. कवळाण्याचा बारा वर्षे निरक्षर राहिलेला मुलगा आज विश्वविद्यालयाच्या दारावर नावाने उभा आहे.

१९०९ साली लावलेले रोप मात्र फार हळू वाढले. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला, तेव्हाही शाळेतील आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच असे तिला आढळले. १९६० साली याच प्रश्नासाठी आणखी एक समिती नेमावी लागली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला तो २०१३ साली, म्हणजे बडोद्यानंतर एकशे चार वर्षांनी. या योजनेत अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी व्हावी, आणि तपासणाऱ्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर असावेत, असे ठरविले आहे. ज्या मुलांत दोष सापडेल त्यांस पुढील उपचार मोफत मिळावेत, अशीही तजवीज तीत आहे.

आपल्या भागाकरिता बोध

शिरपूर तालुक्याच्या उत्तरेस सातपुडा आहे, आणि त्याच्या पाड्यांतून एक रोग पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला आहे. त्यास सिकलसेल म्हणतात. या रोगात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात व लवकर नाश पावतात. त्यामुळे मूल फिकट दिसते, डोळे पिवळे होतात, हाडे व सांधे असह्य दुखतात, आणि वारंवार ताप येतो. कोणी त्यास बाहेरची बाधा समजतात, व कोणी पोर कामचुकार आहे असे म्हणतात. डॉक्टराच्या हातास फिकट पापणी किंवा वाढलेली पानथरी लागली म्हणजे शंका येते, आणि रक्त तपासून तिचा निश्चय होतो. २०२३ साली या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांचे रक्त तपासण्याचे तिने योजिले आहे.

येथे पुष्कळ घरांत भीती आड येते. मुलीच्या रक्तात दोष निघाला तर तिचे लग्न कसे होईल, या चिंतेने तपासणीच्या दिवशी मुलीस घरीच ठेवितात. ही चिंता आम्ही हलकी समजत नाही. परंतु जो मनुष्य या रोगाचा नुसता वाहक आहे तो निरोगी असतो व सर्व कामे करू शकतो, त्याचे लग्न होण्यास हरकत नाही. नवरा व बायको दोघेही वाहक असतील तर मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्यास पूर्ण रोग होण्याचा संभव चारात एक इतका असतो. ही गोष्ट लग्नापूर्वी कळणे बरे, की पाळण्यातले मूल विव्हळू लागल्यावर? दोष लपविल्याने नाहीसा होत नाही, तो फक्त नातवंडांकडे जातो. तसेच ज्याच्या हाती अशी नोंद आली त्याने ती गावभर सांगू नये. तपासणीवरील लोकांचा विश्वास अशा एका बोलण्याने वर्षानुवर्षांसाठी मोडतो.

आमच्या खेड्यांतील शिक्षकांस व उपदेशकांस या कामात पुष्कळ करता येण्यासारखे आहे. डॉक्टरांचे पथक कोणत्या दिवशी येणार हे आगाऊ विचारून ठेवावे व पाड्यापाड्यांस कळवावे. त्या दिवशी मुलांस न्हाऊ घालून, खाऊ घालून पाठविण्यास आयांस सांगावे. पहिल्या बाकावर बसूनही जो मुलगा डोळे बारीक करतो, जी मुलगी दोनदा हाक मारल्यावर वळून पाहते, जे मूल खेळताना लवकर दमून खाली बसते, त्यांची नावे लिहून डॉक्टरांपुढे ठेवावी, कारण काही मिनिटे पाहणाऱ्यास जे सुटते ते रोज पाहणाऱ्यास ठाऊक असते. ज्या मुलास शिरपुरास किंवा धुळ्यास न्यावे असे सांगितले असेल, त्याच्या आईबापांबरोबर दवाखान्यापर्यंत कोणी जाणते माणूस जावे. पुष्कळ आईबाप इस्पितळाच्या दाराशीच भिऊन परततात, आणि मुलाची चिठ्ठी घरी येऊन तशीच आढ्यात खोचलेली राहते.

राजाने कायदा केला, शाळा बांधली आणि डॉक्टर पाठविला. त्यापुढचे काम राजाच्या हातचे नव्हते. मुलाचा हात धरून त्यास रांगेत उभे करणे, आणि सांगितलेले औषध पुरे होईपर्यंत पोटात जाते की नाही हे पाहणे, हे तेव्हाही घरच्या व गावच्या माणसांचेच काम होते, आणि आजही आहे.